दोन दातांमधली फट आणि दोऱ्याचा वाद

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावच्या औषध दुकानांत टूथब्रशच्या शेजारी एक लहानशी चपटी डबी दिसू लागली आहे. तिच्यात मेण लावलेला बारीक दोरा गुंडाळलेला असतो. हा दोरा दोन दातांच्या मधून फिरवून दात साफ करायचे असतात आणि त्याला फ्लॉस म्हणतात. दातांचे डॉक्टर तो वापरायला सांगतात, मोबाइलवरच्या व्हिडिओंत तो दिसतो, आणि त्याच मोबाइलवर कोणीतरी ‘फ्लॉसचा उपयोग होतो याला पुरावाच नाही’ अशी बातमीही पाठवतो. यवतमाळ, वाशीम किंवा चंद्रपूरकडच्या खेड्यात राहणाऱ्या माणसाला साहजिकच वाटते, की रात्री ब्रश करण्याची सवयच जेथे बहुतेक घरांत नाही, तेथे हे दोऱ्याचे प्रकरण कशाला. शंका रास्त आहे. तिचे उत्तर द्यायचे तर दोरा थोडा वेळ बाजूला ठेवून, दात किडतात आणि हलतात ते कशाने, येथून सुरुवात करावी लागते.

दात बिघडतो कसा

दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक पातळ पापुद्रा दातावर पुन्हा बसतो आणि त्यावर तोंडातले जंतू चिकटू लागतात. काही तासांत त्यांचा मऊ, चिकट, जवळजवळ रंगहीन असा थर तयार होतो. यालाच प्लाक म्हणतात. पुढे आपण नुसते ‘थर’ म्हणू. सकाळी उठल्यावर जीभ दातांवरून फिरवली असता जे बुळबुळीत लागते, ते हेच. चूळ भरल्याने तो निघत नाही, कारण तो पाण्यात विरघळत नाही. तो घासूनच काढावा लागतो.

या थरातले जंतू दोन प्रकारे नुकसान करतात. पहिला प्रकार आम्लाचा. आपण साखर किंवा पिठूळ पदार्थ खाल्ले, की जंतू त्यांचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताच्या वरच्या कठीण आवरणातली, म्हणजे एनॅमलमधली, खनिजे विरघळवू लागते. एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, पण त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे एकदा खड्डा पडला, की तो आपोआप भरून येत नाही. खड्डा पडण्याआधीची झीज मात्र लाळ भरून काढू शकते. प्रत्येक खाण्यानंतर साधारण अर्धा ते एक तास आम्लाचा जोर राहतो, मग लाळ तो निवळवते आणि थोडी खनिजे दाताला परत देते. म्हणून साखर किती खाल्ली, यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली, याला महत्त्व जास्त आहे. सकाळी उठल्यावर गोड चहा, शेतावर निघताना चहा, दुपारी चहा, पाहुणा आला की चहा आणि पोराच्या हातात दिवसभर बिस्किटाचा पुडा, अशी आपली रीत असल्यामुळे लाळेला दुरुस्तीची उसंतच मिळत नाही.

आठवडी बाजारात दातातली कीड काढून देणारे वैदू अजूनही कोठे कोठे बसतात. रिंगणीच्या बियांची धुरी नळीने दाढेपर्यंत पोहोचवायची आणि मग पाण्यात पडलेले पांढरे कण ‘ही पाहा तुमच्या दाढेतली कीड’ म्हणून दाखवायचे, हा त्यांचा खेळ. ते कण बियांमधलेच असतात. दात पोखरणारी अळी नसते, हे फ्रान्सच्या पिएर फोशार या दंतवैद्याने १७२८ सालीच मांडले होते, आणि जंतू साखरेपासून आम्ल करतात व ते आम्ल दात झिजवते, ही उपपत्ती बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर यांनी १८९० च्या सुमारास सिद्ध करून दाखवली.

दुसरा प्रकार हिरडीचा, आणि माझ्या मते आपल्याकडे जास्त दुर्लक्ष याच प्रकाराकडे होते, कारण तो दुखत नाही. थर हिरडीच्या कडेला साचून राहिला, की हिरडी लाल होते, सुजते आणि हात लागताच रक्त येते. डेन्मार्कच्या ऑर्हुस शहरात हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात साफ करणे पूर्ण बंद करायला सांगितले गेले. १० ते २१ दिवसांत त्या सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि सफाई पुन्हा सुरू करताच काही दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे या टप्प्यावर आजार परत फिरवता येतो. मात्र थर वर्षानुवर्षे तसाच राहिला, तर सूज हिरडीखाली उतरते आणि दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजू लागते. झिजलेले हाड आपोआप परत येत नाही. पन्नाशीत एकेक दाढ हलू लागते आणि ‘वय झाले’ म्हणून ती काढून टाकली जाते, त्यामागे अनेकदा हाच वर्षानुवर्षे चाललेला, न दुखणारा आजार असतो.

ब्रश कोठे पोहोचत नाही

दाढेला पाच बाजू असतात: गालाकडची, जिभेकडची, चावण्याची आणि शेजारच्या दातांना लागून असलेल्या दोन. पहिल्या तीन बाजूंवर ब्रश व्यवस्थित फिरतो. उरलेल्या दोन एकमेकींना इतक्या टेकलेल्या असतात, की ब्रशचे केस आत शिरत नाहीत. कपाशीत डवरा, म्हणजे कोळपे, फिरवला, की दोन ओळींमधले तण निघते, पण ओळीतल्या दोन झाडांच्या मधोमध, अगदी बुडाशी उगवलेले तण डवऱ्याला सापडत नाही आणि त्यासाठी विळा घेऊन निंदायला बसावेच लागते, तसेच हे आहे. निंदणाला बाया लावाव्या लागतात म्हणून डवरा कोणी टाकून देत नाही, आणि डवरणी झाली म्हणून निंदण कोणी टाळत नाही.

या फटीत काय साचते, हे पाहायचे असेल, तर दोरा शेवटच्या दोन दाढांच्या मधून एकदा फिरवून त्याचा वास घ्यावा. ज्यांनी कधीच दोरा वापरलेला नाही, त्यांना बहुधा कुजकट वास येतो, आणि सकाळी ब्रश करूनही तोंडाला वास का येतो, या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच मिळते.

दातात काही अडकले, की आपल्याकडे हाताला लागेल ती वस्तू वापरली जाते. मटणाचा धागा किंवा आंब्याचा रेषा अडकला, तर आगपेटीची काडी, खराट्याची काडी, सेफ्टी पिन, कोठे तर बाभळीचा काटासुद्धा. यामागची इच्छा चुकीची नाही. फटीत काही राहू नये, हे माणसाला आपसूक कळते. पण काडीने अडकलेला घास निघतो, थर निघत नाही, आणि टोकदार वस्तूने हिरडीला जखम मात्र होते. तेच ते टोचून फट रुंदावली, की तेथे अन्न आणखी अडकते.

‘पुरावा नाही’ ही बातमी काय होती

दोऱ्याचा उपदेश नवा नाही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य लेवी स्पिअर पार्मली यांनी १९ व्या शतकाच्या सुरुवातीलाच मेण लावलेला रेशमी दोरा दातांमधून फिरवावा, असे लिहून ठेवले होते. पुढे दीडशे-दोनशे वर्षे हा सल्ला इतका सर्वमान्य राहिला, की तो तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. २०१५ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने अमेरिकी सरकारकडे त्याचा पुरावा मागितला, आणि २०१६ साली तेथील सरकारच्या आहारविषयक मार्गदर्शिकेतून फ्लॉसचा उल्लेख गेला. जगभर मथळे झळकले, आणि त्यांतलेच एखादे अजून आपल्या मोबाइलवर फिरत असते.

वैद्यकीय प्रयोगांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ साली अशा ३५ चाचण्यांचा आढावा घेतला. ब्रशच्या जोडीला दोरा किंवा फटीत घालायचा लहान ब्रश वापरला, तर नुसत्या ब्रशपेक्षा हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, पण या पुराव्याची खात्री कमी आहे, असा निष्कर्ष निघाला. बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या होत्या. दोन दातांमधली कीड एनॅमल ओलांडून आत जायला वर्षे लागतात, त्यामुळे एवढ्या थोड्या मुदतीत तिच्याबद्दल काही सिद्ध होणे शक्यच नव्हते. शिवाय दोरा घरी दिलेला माणूस तो रोज वापरतो का, आणि वापरला तर नीट फिरवतो का, हे पाहायला कोणी नसते.

या शेवटच्या मुद्द्याला २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याचा आधार आहे. लहान मुलांच्या दातांमधून शाळेच्या दिवसांत प्रशिक्षित व्यक्तीने सुमारे पावणेदोन वर्षे दोरा फिरवला, तेव्हा फटीतल्या किडीचा धोका ४० टक्क्यांनी कमी झाला. मुलांनी स्वतःच दोरा वापरला, तेथे मात्र फरक दिसला नाही. म्हणजे निंदण निरुपयोगी ठरले नाही, निंदणारा हात कच्चा ठरला.

‘पुरावा कमकुवत आहे’ आणि ‘उपयोग नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि बातमीने पहिल्याचे दुसरे केले. उलट बाजूने, दोरा वापरला नाही तर दात पडलेच म्हणून समजा, असा धाक घालणारे डॉक्टरही पुराव्याच्या पुढे जाऊन बोलतात. खात्रीने म्हणता येते ते एवढेच, की फटीत थर साचतो, साचलेल्या थराने हिरडी सुजते आणि ब्रश तेथे पोहोचत नाही. तो थर कशाने काढायचा, हा साधनाचा प्रश्न आहे. ज्यांच्या हिरड्या खाली सरकून दातांत मोकळी जागा झाली आहे, त्यांना दोऱ्यापेक्षा बाटली धुण्याच्या ब्रशच्या आकाराचा, पण काडीएवढा बारीक ब्रश सोपाही जातो आणि बहुधा जास्त कामही करतो.

‘रक्त येते म्हणून घासणेच सोडले’

“हिरडीतून रगत येते, म्हून बोटानंच घासतो बाप्पा,” हे उत्तर दंततपासणी शिबिरांत कायम ऐकू येते. सफाई केल्याने रक्त येते, अशी समजूत त्यामागे असते. वास्तव उलटे आहे. सफाई न झाल्याने हिरडी सुजलेली असते आणि सुजलेल्या हिरडीतून रक्त येते. मऊ ब्रशने हलक्या हाताने घासत राहिले आणि फटीही साफ केल्या, तर एक-दोन आठवड्यांत रक्त येणे सहसा थांबते. तेवढ्यात थांबले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. गरोदरपणात हिरड्या अधिक हळव्या होतात, त्यामुळे रक्त येणे वाढते, पण तेव्हाही ब्रश सोडायचा नसतो. मधुमेह असलेल्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण वाढलेल्या साखरेने हिरडीचा आजार बळावतो आणि हिरडीच्या आजाराने साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते.

‘मशीनने दात साफ केले, की हलायला लागतात’

न काढलेला थर लाळेतल्या खनिजांमुळे दोन आठवड्यांच्या आत टणक होऊ लागतो. याला टार्टर म्हणतात. खालच्या पटाशीच्या दातांच्या मागच्या बाजूला नख फिरवले, तर तो अनेकांना खरखरीत लागेल, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडे तेथेच उघडतात. टार्टर ब्रशने किंवा दोऱ्याने निघत नाही. तो दवाखान्यात यंत्राने काढावा लागतो.

तो काढल्यावर दोन गोष्टी होतात. टार्टरने बुजलेल्या फटी मोकळ्या होतात, आणि टार्टरच्याच आधाराने एकमेकांना धरून राहिलेले, आतून हाड झिजलेले दात हलताना जाणवतात. रुग्ण घरी येऊन सांगतो, की डॉक्टरने दात खिळखिळे करून टाकले, आणि पुढची दहा वर्षे त्या घरातले कोणी दाताच्या दवाखान्याची पायरी चढत नाही. हाड तर आधीच झिजलेले होते. डॉक्टरने ते आधी नीट समजावून सांगायला हवे होते, हेही तितकेच खरे, आणि गर्दीच्या दवाखान्यात ते बहुधा होत नाही.

‘आमच्या आजोबांनी कोणता दोरा वापरला होता?’

वापरला नव्हता, आणि अनेकांचे दात म्हातारपणीही शाबूत होते, हे मान्यच करायला हवे. पण त्या पिढीच्या खाण्यात साखर कमी होती, दिवसभर तोंडात टाकायला पुड्यांतला खाऊ नव्हता, आणि ज्वारीची भाकरी, हिरवा हरभरा, बोरे असे चावून खायचे पदार्थ होते. शिवाय ज्या आजोबांचे दात टिकले, त्यांचीच आठवण आपण सांगतो. बोळक्या तोंडाने भाकरी कालवणात कुस्करून खाणारी म्हातारी माणसेही त्याच गावात होती.

कडुनिंबाची काडी नीट चावून तिचा कुंचला केला आणि धीराने प्रत्येक दातावर फिरवली, तर ती थर काढते. फटीत मात्र तीही पोहोचत नाही आणि तिच्यात पेस्टमधले, एनॅमलला आम्लापासून वाचवणारे फ्लोराइडही नसते. राखुंडी, कोळसा आणि विटेची भुकटी यांची गोष्ट वेगळी. त्यांनी दात चकचकीत दिसतो, कारण तो खरवडला जातो, आणि काही वर्षांनी थंड पाणी लागले, की शिणक मारते. गुडाखू (गूळ घातलेली तंबाखूची लुगदी) किंवा तंबाखूची मिश्री लावणाऱ्या बायांना ती सवय अनेकदा दाढदुखीच्या निमित्ताने लागलेली असते. तंबाखूने दुखरी जागा बधिर होते, किडलेली दाढ तशीच राहते, आणि तंबाखू मात्र सुटत नाही.

पाण्याने डागाळलेले दात

विदर्भापुरता एक प्रश्न येथे वेगळा सांगायला हवा. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, आणि दुसरा स्रोतच नसेल, तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी लहानपणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर हिरडीच्या आत तयार होत असलेले पक्के दात पांढऱ्या पट्ट्यांचे किंवा तपकिरी डागांचे निघतात. हा डाग एनॅमलच्या आतला असतो. त्याला मळ समजून पोराला बोलणी देणे किंवा राखुंडीने ते दात खरवडणे, या दोन्हींचा काही उपयोग नाही. शाळेत नाव पडते आणि मुली तोंडावर हात ठेवून हसतात. मोठेपणी डॉक्टर हे डाग बऱ्याच अंशी झाकू शकतात. पण हा आजार रोखायचा तर लहान मुलांचे पाणी बदलावे लागते, ब्रश बदलून काही होत नाही. नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून पाण्यातले फ्लोराइड कमी करण्याची ‘नालगोंडा’ पद्धत विकसित केली, ती याच कारणासाठी.

मग अशा गावात फ्लोराइडचे पेस्ट वापरावे का? येथे हिशेब उपयोगी पडतो. साधारण १००० पीपीएमच्या, म्हणजे एका ग्रॅममागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका म्हणजे पाव ग्रॅम पेस्ट, आणि त्यात पाव मिलिग्रॅम फ्लोराइड असते, तेही थुंकून टाकायचे. लिटरमागे ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले दोन लिटर पाणी प्यायले, तर ६ मिलिग्रॅम थेट पोटात जाते. मोठ्या माणसांच्या दातांवर नवे डाग पडत नाहीत, कारण त्यांचे दात तयार होऊन गेलेले असतात, आणि पेस्टमधले फ्लोराइड एनॅमलला आम्लापासून वाचवते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. तीन वर्षांखालच्या मुलांना मात्र तांदळाच्या दाण्याएवढेच पेस्ट द्यावे आणि ब्रश मोठ्यांनी धरावा. जास्त फ्लोराइडच्या गावात लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारूनच पेस्ट ठरवलेले बरे.

दोरा फिरवायचा कसा

साधारण ४५ सेंटिमीटर दोरा घेऊन त्याची दोन्ही टोके दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावी आणि मध्ये इंचभर दोरा ताणून धरावा. करवतीसारखा हलवत तो हळूच फटीत उतरवावा. झटक्याने दाबला, तर तो हिरडीत घुसतो. आत गेल्यावर तो आधी एका दाताला कवटाळून हिरडीच्या कडेपासून वर-खाली दोन-तीनदा फिरवावा, मग शेजारच्या दाताला. नुसता आत-बाहेर केला, तर घास निघतो आणि थर राहतो, आणि बहुतेकांची चूक नेमकी येथेच होते. दिवसातून एकदा, रात्री झोपण्यापूर्वी केले तरी पुरे, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. शिवणाचा साधा दोरा वापरू नये, कारण तो फटीत पिंजतो, तुटतो आणि अडकून बसतो.

खर्चाचे म्हणाल, तर ५० मीटरची डबी या हिशेबाने एका माणसाला सुमारे ११० दिवस पुरते, आणि रोज तंबाखू-सुपारीचे दोन-तीन खर्रे खाणाऱ्याचा आठवड्याचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त असतो. हात थरथरणाऱ्या किंवा बोटे अधू झालेल्या म्हाताऱ्या माणसांना दोरा झेपत नाही. त्यांच्यासाठी फटीचा लहान ब्रश आणावा.

खर्ऱ्यापुढे दोरा काय करणार

सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून, पानठेल्यावर फळीवर घोटून घोटून ओलसर केलेला खर्रा गालात धरून ठेवणाऱ्या माणसाने फ्लॉसवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी तो पैसा आणि ते कष्ट खर्रा सोडण्यावर लावावेत. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी खर्रा गावोगाव चालूच राहिला. ज्या जागी गोळा धरला जातो, तेथली हिरडी खाली सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. बिडी ओढणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजारी हिरडीतूनही रक्त कमी येते, आणि माणसाला वाटते, आपल्या हिरड्या ठणठणीत आहेत.

तंबाखू वगळून नुसती सुपारी खाल्ली तर चालते, ही समजूतही चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. सुपारीने गालाची आतली कातडी हळूहळू ताठर होते, तिखट लागले की आग होते आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. स्वतःची तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांच्या मध्ये जात नसतील, किंवा तोंडातला पांढरा-लाल चट्टा वा व्रण दोन आठवड्यांत बरा झाला नसेल, तर गावच्या औषधांवर वेळ न घालवता जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागात किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवावे. ताठर झालेला गाल पूर्वीसारखा मऊ होत नाही. सुपारी बंद केली, तर तो आणखी ताठरण्याचे थांबू शकते, पण कर्करोगाचा धोका त्यानंतरही राहतो, म्हणून अशा माणसाने सुपारी सोडल्यावरही ठरावीक काळाने तपासणीला जात राहायचे असते.